२१ गिअर की १६? आधी मागचं हब बघा

तुम्ही विचारलंय की २१ गिअरची सायकल १६ गिअरवालीपेक्षा स्वस्त कशी, आणि घाटासाठी कुठली घ्यावी. १६ वाली घ्या. आता कारण सांगतो, पण त्यात माझं जुनं भांडणही येणार.

माझी पहिली गिअरची सायकल २१ वालीच. भोरहून वरंधा घाट उतरून महाडला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी परत वर. माझेरी सोडल्यावर चढाला उभं राहून पायडल मारताना मागून ‘टक्’ आवाज आला आणि चाक डुलत ब्रेकला घासायला लागलं. वाटलं तार तुटली, पण तारा सगळ्या शाबूत. ढकलत वाघजाईजवळच्या भजीच्या टपऱ्यांपर्यंत आणली, तिथून टेम्पोत टाकली. दुकानात चाक उघडलं तर एक्सलचे, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या आसाचे, दोन तुकडे, उजव्या कोनाला (छर्रे धरून ठेवणाऱ्या नटाला) अगदी लागून. क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायच्या खटक्याची, दांडी एक्सलच्या आतून गेलेली असते म्हणून ते जागच्या जागी राहिले, नाहीतर चाक तिथेच निसटलं असतं.

दुकानदाराने एक्सलकडे बघितलंच नाही. माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, “वजन कमी करा साहेब.” चार गिऱ्हाइकांसमोर! तेव्हा मी ९४ किलो होतो. नवा एक्सल आठ महिन्यांत वाकला, तिसरा ताम्हिणीत तुटला. तिन्ही वेळा जागा तीच. वजन काय फक्त उजव्या बाजूलाच असतं?

दोष फ्रीव्हीलचा, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारी यंत्रणा आणि मागची चक्रं यांच्या एकसंध गठ्ठ्याचा. माझ्या २१ वालीत तेच होतं, पुढे तीन चक्रं, मागे सात. ते हबवर, चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्याने बसतं, त्यामुळे उजवीकडचे छर्रे हबच्या आत राहतात आणि सातही चक्रं त्यांच्या बाहेर. म्हणजे छऱ्यांपासून फ्रेमपर्यंत तीन-चार सेंटिमीटर एक्सल आधाराविना, आणि जाडी जेमतेम १० मिलिमीटर. मागे एकच चक्र असायचं तेव्हा हे अंतर थोडं होतं. पाच झाली, सहा झाली, सात झाली. फ्रेमची मागची रुंदी १२० वरून १२६, मग डोंगरी सायकलींत १३५ मिलिमीटर झाली. एक्सल मात्र तेवढाच.

यावरचा उपाय जुना आहे. इंग्लंडच्या बेलिस-वायली कंपनीने १९३०च्या दशकातच हब आणि फ्रीव्हील एकत्र केलं होतं. फ्रान्सच्या मायारने हेलिकोमॅटिक काढलं, त्यात चक्रं पटकन निघायची पण छर्रे बारीक, म्हणून तेही फसलं. शिमानोने त्याच्याही आधी, १९७८मध्ये, फ्रीहब आणलं आणि तेच टिकलं: रॅचेट (एकाच दिशेने पकडणारी, उलट फिरू देणारी यंत्रणा) हबचाच भाग आणि उजवीकडचे छर्रे त्याच्या बाहेरच्या टोकाला. आधार फ्रेमजवळ गेला, एक्सल वाकायचं कारणच उरलं नाही. त्यावर जी चक्रं सरकवतात ती कॅसेट. तुमच्या १६ वालीत मागे आठ म्हणजे बहुधा कॅसेटच, किंमत तिथे जाते. पण बहुधावर जाऊ नका, आठची फ्रीव्हीलंही मिळतात. चाक काढायला लावा आणि चक्रं उलटी फिरवा. पाना बसायची खाच चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर राहिली तर फ्रीव्हील.

आता घाटाचं. २१ वालीला पुढे ४८-३८-२८ दात्यांची चक्रं आणि मागे १४ ते २८ दात्यांची असतील तर सगळ्यात हलका गिअर २८ला २८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा. १६ वालीला पुढे ४६-३० आणि मागे ११-३४ असेल तर तोच ०.८८, वर जड गिअरही ३.४३च्या जागी ४.१८. पाच गिअर कमी, तरी दोन्ही टोकांना पल्ला जास्त. २१मधले कितीतरी एकमेकांचे जुळे भाऊ असतात. आकडा खोक्यावर छापायला बरा.

चौथ्यांदा मी एक्सल बदलला नाही, फ्रीहबचं चाकच घेतलं. नऊ वर्षं झाली. वजन आता ९६ आहे. एक्सल सरळ.

हं, एक राहिलं. रोज सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर ऑफिसला जायचं असेल आणि अंगाने माझ्यासारखे नसाल, तर फ्रीव्हील वर्षानुवर्षं चालेल, आणि स्वस्तातही पडेल. खड्ड्यात चाक आपटायची माझी सवयही वाईट होती, ते कबूल. पण ते त्या दुकानदाराने विचारलंच नव्हतं.