सरकारी कार्यालयांचा परिसर लोकांसाठी खुला आणि तरीही सुरक्षित कसा आखता येईल?

गाड्या बाहेर ठेवा, माणसांना आत येऊ द्या. एवढंच सांगितलं म्हणून एका बैठकीत मी एकटी पडले होते.

मी आर्किटेक्ट. एका जिल्ह्याच्या गावी प्रशासकीय इमारतीच्या कामात होते. २६/११ ला वर्षही झालं नव्हतं. माझ्या नकाशात दाखले, सातबारा, अर्ज यांच्या खिडक्या तळमजल्यावर, थेट रस्त्याकडे उघडणाऱ्या होत्या. तपासणी जिन्यापाशी, वर जाणाऱ्यांचीच. साहेब म्हणाले, "मॅडम, सुरक्षेशी खेळू नका." मग आठ फुटी भिंत आली, वर काटेरी तार आणि माणसांना एकच फाटक.

चार वर्षांनी वारसनोंदीसाठी बाबांना घेऊन त्याच फाटकाशी उभी राहिले. मे महिना, डोक्यावर पत्राही नाही. शिपायाने बाबांची पिशवी उपसली. फाइल, पाण्याची बाटली, चंची. चंचीतून अडकित्ता निघाला आणि तो कुठे ठेवायचा यावर पाऊण तास गेला. शेवटी समोरच्या झेरॉक्सवाल्याने ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला. तेवढ्या वेळात शेजारच्या गेटातून सहा गाड्या आत गेल्या, मी मोजल्या. थेट पोर्चपर्यंत. काच खाली करायलाही कोणी सांगितलं नाही. आम्ही खिडकीशी पोचलो तर जेवणाची सुट्टी. बाबा पायरीवर टेकले, कारण नकाशातले बाकही खोडले गेले होते.

मोठा धोका गाडीतून येतो. नॉर्वेच्या ओस्लोत २२ जुलै २०११ ला सरकारी इमारतीसमोर व्हॅन लावून स्फोट घडवला, त्यात आठ जण गेले. तो रस्ता वाहनांना बंद करायचं आधीच ठरलं होतं, पण झालं नव्हतं. आपल्याकडे १२ मार्च १९९३ ला नरिमन पॉइंटच्या एअर इंडिया इमारतीशीही स्फोटकं गाडीतच होती. तीच इमारत कार्यालयांसाठी १,६०१ कोटींना घ्यायला राज्य सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथे फर्निचरच्या आधी पोर्चचा विचार व्हायला हवा.

स्फोटाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. म्हणून इमारतीपासून लांब, रस्त्याच्या कडेला पोलादी बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे जाड खांब, रोवा. दोन बोलार्डमध्ये चार फुटांहून जास्त जागा नको. व्हीलचेअर जाते, गाडी अडते. रस्त्याकडच्या खिडक्यांना लॅमिनेटेड काच, म्हणजे फुटली तरी तुकडे धरून ठेवणारी. भिंतीची गरज नाही.

अर्थात मंत्री बसतात त्या मजल्यावर तपासणी कडकच हवी. बोलार्डचा पाया आणि काचेची जाडी ठरवायला स्फोटाचं गणित जाणणारा इंजिनिअर घ्या, ते आर्किटेक्टचं काम नव्हे.

पण दाखले-अर्जांच्या खिडक्या तपासणीच्या बाहेरच ठेवा. आणि बैठकीत कोणी 'सुरक्षा' म्हणालं की लगेच विचारा, "साहेब, तुमची गाडी कुठे उभी राहणार?" मला तेव्हा हा प्रश्न सुचला होता. मी विचारला नाही.