ट्रेलर डोलतोय? आधी काट्यावर न्या, हिचचं नंतर बघू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सतरा फुटी, एकाच ॲक्सलचा ट्रेलर, माहितीपत्रकात कोरडं (पाणी-सामान नसतानाचं) वजन 2,900 पौंड. पुढे 5,000 पौंड ओढायची क्षमता असलेली मध्यम आकाराची एसयूव्ही, आत तुम्ही दोघं आणि दोन मुलं. पहिल्या सहलीत गाडी मागून दबलेली दिसली, म्हणून तुम्ही सामान ट्रेलरच्या मागच्या कपाटांत हलवलंत. आणि परतताना ताशी 60 मैलांच्या पुढे गेलं की, किंवा मोठा ट्रक शेजारून गेला की, ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला. आता विचारताय, चांगला स्वे-बार (ट्रेलरचा झोका आवरणारा दांडा) घेऊ का?

आत्ता घेऊ नका. मागे नेलेलं सामान आधी पुढे आणा आणि तोपर्यंत 55 च्या वर जाऊ नका. हे कळकळीनं सांगतोय, कारण गाडी दबलेली दिसली म्हणून वजन मागे ढकलायचं, ही अगदी हीच चूक मी केली होती, मुलं मागच्या सीटवर असताना.

माझे आजोबा उसाची बैलगाडी भरायचे. दोन चाकं, एक आस, पुढे जू, म्हणजे आपला ट्रेलरच. मागे जास्त मोळ्या पडल्या की गाडी उलाळ व्हायची: जू वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळायचे आणि उतारावर गाडी आवरायची नाही. पुढे जास्त भरली तर सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून भरून झाल्यावर आजोबा जू हातानं उचलून बघायचे आणि दोन-चार मोळ्या इकडच्या तिकडे करायचे. टंग म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा, आणि टंग वेट म्हणजे जुवावरचा तोच भार, इथे तो हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) बॉलवर येतो एवढंच. तुमचा ट्रेलर सध्या उलाळ आहे.

हा भार किती हवा? अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलरसाठी भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के धरतात. मी स्वतः 12-13 वर ठेवतो. दहाच्या खाली गेलं की वारा, ट्रकचा झोत किंवा स्टिअरिंगचा झटका यानं सुरू झालेला झोका लवकर विरत नाही, आणि वेग जितका जास्त तितका तो विरायला वेळ लागतो. एका विशिष्ट वेगानंतर तो विरायच्या ऐवजी वाढतच जातो. 50 ला शहाण्यासारखा चालणारा ट्रेलर 62 ला अंगावर येतो तो यामुळे. (जर्मनी-इंग्लंडमधल्या मंडळींनी हे टक्के जसेच्या तसे घेऊ नयेत. तिथे बॉलवरची मर्यादा बऱ्याच गाड्यांना 75 ते 100 किलोच असते, कॅराव्हॅन वेगळ्या बांधणीच्या असतात आणि ओढतानाची वेगमर्यादाही कमी असते.)

आता माझा प्रसंग. आम्ही कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानाला निघालो होतो. लॅरमीनंतर आय-80 महामार्गावर वायोमिंगचा आडवा वारा लागतो, एल्क माउंटनच्या आसपास तर फारच. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर रॅकसकट दोन सायकली, ताज्या पाण्याची टाकी काठोकाठ, आणि कणीक, तांदूळ, डाळी, कुकर, लोखंडी तवा हे सगळं मागच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात. एक ट्रक पुढे निघून गेला आणि ट्रेलरनं असा झोका घेतला की आरशात कधी त्याची डावी भिंत दिसायची, कधी उजवी. मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ब्रेक कंट्रोलरची (ड्रायव्हरजवळून ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या यंत्राची) पट्टी हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. चार-पाच झोक्यांनंतर तो सरळ झाला. या तीन गोष्टी आत्ताच घोकून ठेवा. अशा वेळी पाय आपोआप गाडीच्या ब्रेककडे जातो, आणि गाडी एकदम हळू झाली की मागचा ट्रेलर तिला आणखी ढकलतो. स्टिअरिंगनं झोक्याचा पाठलाग केला तरी तो वाढतो.

रॉलिन्सला पोचल्यावर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर गेलो. या काट्याचे तीन वेगळे पाट असतात: गाडीची पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. आधी ट्रेलर जोडून, पण वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे (भार सगळ्या चाकांवर वाटणाऱ्या हिचचे) बार न लावता वजन घेतलं, पौंडांत: पुढे 2,520, मागे 2,960, ट्रेलरच्या चाकांवर 3,340. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसती गाडी, त्याच माणसांसह: पुढे 2,640, मागे 2,560, म्हणजे 5,200. जोडल्यावर गाडीवर एकूण 5,480 होतं. फरक 280, तेच टंग वेट. ट्रेलरचं पूर्ण वजन 3,340 अधिक 280, म्हणजे 3,620. टक्के 7.7. झोका का आला ते त्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

आणि गंमत बघा, 7.7 टक्क्यांवरसुद्धा गाडी मागून दबलेलीच दिसत होती. बॉल मागच्या चाकांच्या जवळजवळ चार फूट मागे असतो. 280 पौंडांनी मागच्या चाकांवर 400 पौंड आले आणि पुढचे 120 उचलले गेले. शिवाय डिकीत सामान असलं की गाडी त्यानंही दबते. म्हणून दबलेल्या बंपरवरून टंग वेट जास्त आहे असं ठरवू नका. तुमच्या डोळ्यांनी तुम्हाला तिथेच फसवलं.

घरी आल्यावर हिशोब मांडला. माझ्या ट्रेलरमध्ये बॉलपासून ॲक्सल 11 फुटांवर आहे. सायकली-रॅकचे 110 पौंड ॲक्सलच्या साडेसात फूट मागे होते. ते आत, ॲक्सलच्या दोन फूट पुढे आणले. अंतर बदललं साडेनऊ फूट, म्हणून टंगवर 110 गुणिले साडेनऊ भागिले 11, सुमारे 95 पौंड वाढले. ट्रेलरचा मागचा बंपर तसाही बऱ्याचदा पातळ पत्र्याच्या चौकोनी नळीचा असतो, त्यावर सायकली टांगूच नयेत. धान्य-कुकरचं 60 पौंडांचं खोकं मागून पुढे आणून आणखी 40-45. राहिलं पाणी. एक गॅलन म्हणजे 8.34 पौंड, तीस गॅलनची टाकी अडीचशे पौंड. माझी टाकी ॲक्सलच्या मागे आहे, म्हणून आता प्रवासात दहाच गॅलन ठेवतो आणि मुक्कामी भरतो. तुमची टाकी कुठे आहे ते खाली वाकून बघा. ॲक्सलच्या पुढे असेल तर उलट भरलेली टाकी टंग वेट वाढवेल.

माहितीपत्रकातल्या टंग वेटवर विसंबू नका. त्यात गॅसचे सिलिंडर आणि बॅटरी बहुधा धरलेली नसते. वीस पौंडी दोन भरलेले सिलिंडर सत्तरच्या वर जातात, बॅटरी पन्नास-साठ, आणि दोन्ही थेट टंगवरच बसतात.

काटा लांब असेल तर घरच्या वजनकाट्यावरही जमतं. मजबूत फळी घ्या, एक टोक वजनकाट्यावर, दुसरं विटेवर ठेवलेल्या पाइपवर. मधलं अंतर तीन फूट. फळीचं वजन आधी वजा करायला टिपून घ्या. मग ट्रेलर सरकू नये म्हणून चाकांना ओट लावून कपलर (टंगच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) पाइपपासून एक फुटावर टेकवा, म्हणजे काट्यापासून दोन फूट. काट्यावर जे येईल त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. कपलर प्रवासात असतो साधारण त्याच उंचीवर ठेवा आणि प्रवासाचं सगळं सामान ट्रेलरमध्ये भरलेलं असू द्या, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

हे झाल्यावर हिच. भरलेला ट्रेलर सपाट उभा असताना कपलरची उंची मोजा आणि बॉल त्याच्या अर्धा-एक इंच वर ठेवा, कारण जोडल्यावर गाडी बसते. शेवटी ट्रेलर सपाट किंवा किंचित नाक खाली करून चालला पाहिजे, नाक वर कधीच नको. कपलर बंद केल्यावर जॅकनं थोडं वर उचला. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तरच तो बॉलवर नीट बसला आहे. माझ्याकडून ही तपासणी एकदाही सुटत नाही.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच तुम्हाला बहुधा लागेल, पण तो काय करतो ते समजून घ्या. त्याचे स्प्रिंग बार मागच्या चाकांवरचा भार थोडा पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे पाठवतात. सामान बदलल्यावर माझे आकडे बार न लावता 2,460, 3,180 आणि 3,020 आले, म्हणजे टंग वेट 440, पावणेतेरा टक्के. बार लावल्यावर 2,580, 2,980 आणि 3,100. मागचे दोनशे उतरले, 120 पुढे गेले, 80 ट्रेलरवर. पुढच्या चाकांवर भार परत आला की स्टिअरिंग आणि ब्रेक पुन्हा आपले वाटतात. मागच्या स्प्रिंगपाशी नुसत्या एअरबॅग (हवेच्या पिशव्या) लावून गाडी मागून उचलली तर ती सपाट दिसेल, पण पुढे काहीच परत येणार नाही. आणि ट्रेलर उलाळ असेल तर हे बारही ते दुरुस्त करत नाहीत.

काट्याशिवाय सेटिंग करायचं तर पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची तीनदा मोजा: ट्रेलर नसताना, जोडल्यावर, बार ताणल्यावर. बार ताणल्यावर ती मूळ उंचीच्या दिशेनं किमान अर्धी परत यावी. किती हे गाडीच्या पुस्तिकेत बघा, आणि मूळ उंचीच्या खाली नेऊ नका. काही गाड्यांच्या पुस्तिकेत असा हिच वापरायला मनाईही असते, म्हणून विकत घेण्याआधी ते पान वाचा. बार तुमच्या टंग वेटच्या जवळच्या क्षमतेचे घ्या. 440 ला मी सहाशेचे वापरतो. बाराशेचे घेतले तर ट्रेलर प्रत्येक खड्ड्यात आदळेल.

रिसीव्हरवरच्या (गाडीमागे हिच बसते त्या चौकोनी नळीवरच्या) चिकटपट्टीवर दोन आकडे असतात, बार असताना आणि नसताना. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पिवळी-पांढरी पट्टी नक्की बघा, माणसं आणि सामान मिळून किती पौंड ते तिथे असतं. टंग वेट त्यातूनच जातं. समजा तिथे 1,400 आहे: 440 टंग, 90 हिचचे, चौघांचे 550, उरले 320. 5,000 पौंड ओढायची क्षमता जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते, पण कुटुंबासह निघाल्यावर आधी संपते ती ही मर्यादा.

स्वे-बार या सगळ्यानंतर. घर्षणाचा साधा बार लावलात तर पावसात-बर्फात आणि रिव्हर्स घेताना तो सैल करायचा किंवा काढायचा, हे लक्षात ठेवा. ब्रेक कंट्रोलर नसेल तर मात्र स्वे-बारच्या आधी तो बसवा. एवढ्या वजनाच्या ट्रेलरला ब्रेक बऱ्याच राज्यांत कायद्यानंही लागतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी 25 ला हातानं पट्टी पूर्ण दाबा. ट्रेलरनं गाडी जोरात मागे खेचली पाहिजे, पण चाकं घसटता कामा नयेत.

या आठवड्यात काट्यावर जाऊन या, ट्रेलर जोडून आणि सोडून अशी दोन वेळची वजनं आणि पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे की मागे ते इथे लिहा. बॉल ते ॲक्सल अंतर आणि दाराच्या पट्टीवरचा आकडाही द्या. बार कोणत्या क्षमतेचे घ्यायचे ते मी बसून हिशोब करून सांगतो.