कोपा लिबर्तादोरेसच्या बाद फेरीत दोन सामन्यांनंतर गोल बरोबरीत राहिले, तर विजेता कसा ठरतो?

दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज समान राहिली, तर उपउपांत्यपूर्व फेरीपासून उपांत्य फेरीपर्यंत जादा वेळ न देता थेट पेनल्टी शूटआउटने निकाल लावला जातो. दक्षिण अमेरिकेच्या या क्लब फुटबॉल स्पर्धेत पूर्वी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलांना अधिक वजन असे. कॉनमेबॉल या आयोजक महासंघाने तो नियम २०२२च्या हंगामापासून रद्द केला, त्यामुळे पहिला सामना घरी १-० असा जिंकून दुसऱ्यात १-२ असा हरलेला संघ, जो पूर्वी सरळ पुढे गेला असता, आता शूटआउटला सामोरा जातो. हे स्पर्धेच्या नियमावलीतच नमूद आहे. अपवाद फक्त अंतिम सामन्याचा: तो २०१९पासून आधीच ठरलेल्या मैदानावर एकदाच खेळवला जातो आणि बरोबरी झाल्यास तेथे मात्र तीस मिनिटांचा जादा वेळ मिळतो. (२०१८मध्ये बोका ज्युनियर्सच्या बसवर हल्ला झाल्याने रिव्हर प्लेटविरुद्धचा दुसरा अंतिम सामना माद्रिदला हलवावा लागला, म्हणून ही पद्धत आली, असे अनेकदा सांगितले जाते, प्रत्यक्षात निर्णय त्याच वर्षी त्या प्रकरणाच्या कितीतरी आधी झाला होता.) लिमा येथील अशा पहिल्याच अंतिम सामन्यात जादा वेळेची गरजच पडली नाही, कारण ८८ मिनिटांपर्यंत पिछाडीवर असलेल्या फ्लामेंगोसाठी गॅब्रिएल बार्बोसाने अखेरच्या काही मिनिटांत दोन गोल करून रिव्हर प्लेटला २-१ असे हरवले.