मानेवरचा चट्टा कोळ्याचा नाही

प्रश्न: मावशी, लग्नानंतर पुण्याच्या फ्लॅटमधून चिपळूणजवळच्या सासरच्या कौलारू घरात आले, त्याला चार वर्षं झाली. या पावसाळ्यात झोपायच्या खोलीत तळहाताएवढा कोळी दिसायला लागलाय. परवा त्याच्या पोटाखाली पांढरी चकती दिसली. मी फवारा मारला, तर तो सैरावैरा धावला आणि गादीवरच पडला. मग कुठे गेला, कळलं नाही. दोन दिवसांनी पाच वर्षांच्या लेकीच्या मानेवर लाल पट्टा उठला, बारीक फोड आले. घरात सगळे म्हणाले, ‘कोळी मुतला.’ तेव्हापासून मी रात्री तीन-तीनदा उठून टॉर्च मारून वासे बघते. नवरा हसतो. सासूबाई म्हणतात, कोळ्याला मारू नकोस. मुलीला घेऊन माहेरी निघून जावंसं वाटतं. काय करू?
– झोप उडालेली आई

उत्तर:

अगं, आधी लेकीच्या मानेचं बोलू, कारण तुझी झोप खरी त्या चट्ट्याने उडवली आहे.

कोळी माणसावर मुतत नाही. त्याची विष्ठा म्हणजे भिंतीवर दिसणारा पांढरट, खडूसारखा ठिपका. त्याने कातडीला काहीही होत नाही. पावसाळ्यात मानेवर किंवा कोपराच्या घडीत एका रात्रीत उठणारा आगीचा पट्टा बहुतेक वेळा एका वेगळ्याच किड्याचा असतो. लांबट मुंगीसारखा, सात ते दहा मिलिमीटरचा, डोकं काळं, छाती आणि पोट केशरी, शेपटाचं टोक पुन्हा काळं. ट्यूबलाइटवर येतो, उशीवर पडतो. तो चावत नाही, पण मानेवर वळवळला की झोपेत आपला हात जातो, तो चिरडतो आणि त्याच्या अंगातला जहाल रस कातडीला लागतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही. दाह एक-दोन दिवसांनी सुरू होतो, म्हणून किड्याची आठवणही राहत नाही आणि आळ भिंतीवर दिसलेल्या कोळ्यावर येतो. बोट जसं फिरलं तसा चट्टा लांब ओढलेला दिसतो. घडीत असेल तर समोरासमोरच्या कातडीवर तसाच जोडडाग उमटतो. लेकीच्या मानेला वळी पडते तिथे नीट बघ.

आता करायचं ते असं. जागा साबण-पाण्याने हलक्या हाताने धू. थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा ठेव. उशीचा अभ्रा, चादर, झबलं धुवायला टाक. नखं काप, कारण खाजवलं की जखम चिघळते. चुना, टूथपेस्ट, पाल्याचा रस यातलं काही लावू नकोस. साधारण आठ-दहा दिवसांत खपल्या पडतात, काळसर डाग मात्र पुढे काही आठवडे राहतो. डोळ्याला सूज आली, ताप आला किंवा पू धरला, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. आणखी एक. घरातल्या मोठ्या माणसाला अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे, पुंजक्यांनी फोड आले आणि आधीपासून ठणका असला, तर ती नागीण असू शकते. तिच्यावरचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. ‘कोळी मुतला’ म्हणून पाला लावत बसल्याने नेमके तेच तास वाया जातात. या समजुतीचा खरा धोका हा आहे.

आता तुझ्या भिंतीवरचा पाहुणा. तळहाताएवढा, चपटा, तपकिरी, जाळं न विणणारा, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले, आणि पोटाखाली पांढरी चकती. हा हंट्समन कोळी, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. म्हणजे ‘हा’ नव्हे, ‘ही’, कारण चकती मादीच वागवते. ती अंड्यांची पिशवी, तिच्यात दोनशेपर्यंत अंडी असू शकतात. शरीर दोन-अडीच सेंटीमीटरचंच, पण पायांचा पसारा दहा-बारा सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणून ती एवढी अक्राळविक्राळ वाटते. एकदा लांबूनच तोंडाकडे बघ. डोळ्यांखाली फिकट पट्टी दिसेल, मिशीसारखी. रात्री झुरळं पकडते, दिवसा दाराच्या मागे, तसबिरीमागे, वाशांच्या फटीत अंग चपटं करून बसते. हाताखाली दाबली गेली तर चावू शकते, दुखतं, थोडं सुजतं. तेव्हाही साबण-पाणी आणि गार फडकं, एवढंच. जिवावर बेतणारं विष तिच्यात नाही. सासूबाईंचं म्हणणं इथे बरोबर आहे.

फवारा मारल्यावर ती धावली, त्याचं कारण औषधातच आहे. ही औषधं किड्याच्या नसा भडकवतात. मरण्याआधी तो दिशा न धरता पळतो, पकड सुटते आणि खाली पडतो. पलंगाच्या वर फवारा मारला तर तो गादीवरच पडणार. वर ते औषध लेकीच्या उशीवर उतरतं ते वेगळंच. भिंतीला मारून ठेवलेलं औषधही कोळ्यावर फारसं चालत नाही, कारण झुरळासारखं त्याचं पोट जमिनीला घासत नाही, पायांची टोकंच काय ती टेकतात. तेव्हा फवारा खोलीतून बाहेर काढ.

त्याऐवजी डबा. पाण्याचा ग्लास घेऊ नकोस, बहुतेक जणींचा पहिला प्रयत्न तिथेच फसतो. ग्लासचं तोंड सात सेंटीमीटर, पाय बारा सेंटीमीटर. पाय काठाखाली सापडला की कोळी तो सोडून देतो आणि उरलेल्या सात पायांवर तुझ्या हातावरून पळतो. निदान पंधरा सेंटीमीटर तोंडाचा, दोन लिटरचा, आरपार दिसणारा प्लास्टिकचा डबा घे, आणि जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा. वर्तमानपत्र चालत नाही, ते मधे वाकतं.

कोळ्याच्या पायांवरच्या बारीक केसांना हवेची हालचाल कळते. झाडू भपकन आणलास तर तो पोचायच्या आत ती पसार. म्हणून डबा हळू, समोरून सरळ, शेवटची वीतभर तर अगदी सावकाश. डबा टेकला की आधी श्वास घे, घाई नाही. मग पुठ्ठा खालच्या बाजूने सरकव, कारण सुटायचं झालं तर ती बहुधा वर धावते. पाय आडवा आला तर थांब, पुठ्ठ्याने हलकेच टोच, ती आत घेईल. मातीच्या भिंतीला उंचवटे असतात, तिथे फट राहते. अशा वेळी लांब दांड्याच्या मऊ कुंच्याने तिला आधी दाराच्या फळीवर किंवा कपाटावर येऊ दे. वाशावर असेल तर त्या रात्री नाद सोड. स्टुलावर चढून डोक्यावरचा कोळी पकडायचा नाही, हात-पाय मोडतात ते अशा वेळी. पकडल्यावर मागच्या दारी लाकडांच्या रचाईपाशी किंवा झाडाच्या बुंध्याशी डबा आडवा ठेव आणि बाजूला हो.

अंड्याची पिशवी असलेलीला चिरडू नकोस. पिल्लं निघायला आली असतील तर पिशवी फुटून ती खोलीभर पांगतात. सकट उचल, सकट सोड.

झोपेसाठी आजच करण्यासारखी गोष्ट म्हणजे मच्छरदाणी, आणि तिच्या चारही कडा गादीखाली खोचलेल्या. कौलारू घरात कोळी येऊच नये असं कुणी करू शकत नाही, तसं वचन देणाऱ्यावर पैसे घालवू नकोस. पण पलंगापुरती जागा पक्की बंद करता येते. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, चादर जमिनीला लोंबू देऊ नकोस.

मग दिवा. पलंगावरची पांढरी ट्यूब किडे ओढते. त्यांच्यात तो केशरी किडाही आला आणि किड्यांमागे कोळीही आला. एकाच दिव्याने दोन्ही संकटं घरात येतात. खोलीत पिवळ्या उजेडाचा मंद एलईडी लाव, पांढरा दिवा हवा तर तो पडवीच्या लांबच्या टोकाला जाऊ दे. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी खिडकी लावून घे. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी बसव. झुरळांसाठी जेल मिळतं, त्याचे मुगाएवढे ठिपके ओट्याखाली, सिलिंडरमागे, बिजागऱ्यांशी दे, मुलीचा हात पोचणार नाही असे. त्या जागी फवारा मारायचा नाही, वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. झुरळं घटली की कोळ्याचं येणंही घटतं, फक्त आठवड्याभरात नाही, महिना-दीड महिना लागतो.

आणि तुझी भीती. नवऱ्याला हे पत्र वाचून दाखव: भित्रेपणाशी याचा संबंध नाही, ‘एवढ्याशा कोळ्याला’ म्हटल्याने ही भीती एका कणानेही कमी होत नाही, आणि ती बरी होते. टॉर्च मारून वासे तपासणं हेच तिचं खाद्य आहे. दर वेळी बघितलंस की घटकाभर सुटका वाटते, आणि मन शिकतं की बघितलं म्हणूनच वाचलो. टॉर्च उशाशी असू दे, पण मच्छरदाणी खोचताना एकदाच बघायचं, मग नाही.

दिवसा सराव कर. भीतीला शून्य ते दहा गुण दे. पहिल्या दिवशी फोनवर छायाचित्र, गुण निम्म्यावर येईपर्यंत बघत राहायचं. सहावर असताना फोन ठेवलास तर सराव उलटा होतो. मग वळचणीला सापडणारी कोळ्याची कात, रिकामी आणि हलकी, चिमट्याने उचलून बघ. मग नवऱ्याने पकडलेला डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रोज एक पाऊल जवळ. शेवटी पुठ्ठा तू धरायचास. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ साली अशा भीतीवर जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीचा उपचार मांडला. त्याचा गाभाही हाच आहे: पायरी पायरीने समोर जायचं आणि पळायचं नाही. तीन आठवड्यांत गुण हललेच नाहीत, किंवा त्या खोलीत पाऊलच टाकवेना, तर मानसशास्त्रज्ञाकडे जा आणि ‘टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा उपचार हवा’ असं स्पष्ट सांग.

माहेरी चार दिवस जावंसं वाटलं तर खुशाल जा, पण मच्छरदाणी बांधून आणि दिवा बदलून मग जा. लेकीला मात्र आत्ताच सांगून ठेव: मानेवर काही वळवळलं तर थप्पड मारायची नाही, फुंकर मारायची आणि आईला हाक मारायची.