दरडोई उत्पन्न खरंच वाढलंय की नुसती महागाईच वाढलीय?

तुमचा प्रश्न असा आहे की आजोबा १९६० च्या सुमारास रेल्वेत क्लार्क होते, पगार २५० रुपये, घरात सात माणसं, तरी त्यांनी जागा घेऊन घर बांधलं; तुमचा पगार ४५ हजार, घरात चार माणसं, आणि टू बीएचकेचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. मग दरडोई उत्पन्न वाढलं वाढलं म्हणतात ते नक्की कुणाचं?

उत्पन्न वाढलंय हो, खरंच वाढलंय, महागाई वजा करूनसुद्धा वाढलंय. पण दीडशे वर्षांचा हिशोब काढला तर त्यातली बहुतेक वाढ गेल्या पंचेचाळीस वर्षांतली आहे. आणि तुमच्या आजोबांच्या बाबतीत एक गंमत आहे, ती शेवटी सांगतो. (मी काही अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही, बँकेत आयुष्य गेलं, आकड्यांचा नाद आहे इतकंच.)

आधी महागाईचं उरकून टाकू. २०११-१२ ला आपलं दरडोई उत्पन्न, म्हणजे देशाचं एकूण उत्पन्न भागिले लोकसंख्या, वर्षाला ६३,४६२ रुपये होतं. २०२४-२५ ला त्याच मालिकेत ते साधारण २ लाख ५ हजार झालं, म्हणजे सव्वातीन पट. बातमीत हाच आकडा येतो. पण हे चालू किमतींचं झालं, म्हणजे त्या त्या वर्षीच्या भावाने. २०११-१२ चे भाव तसेच धरून मोजलं, ज्याला स्थिर किमती म्हणतात, तर आकडा येतो साधारण १ लाख १४ हजार. म्हणजे तेरा वर्षांत पावणेदोन पटीच्या थोडं वर. बाकीची नुसती भाववाढ. तुमची शंका अर्धी बरोबर आहे ती इथे. तरी पावणेदोन पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या वर पडतात, आणि ही गोष्ट लहान नाही, का ते बघा.

दादाभाई नौरोजींनी पहिल्यांदा हा हिशोब केला. १८६७-६८ सालासाठी त्यांनी काढलेला आकडा होता माणशी वर्षाला २० रुपये. प्रांताप्रांतातलं पीक, त्याचा भाव, मिठापासून कोळशापर्यंत जे काही पिकतं-बनतं त्याची बेरीज आणि भागिले लोकसंख्या, इतका सरळ हिशोब. वकील, डॉक्टर, नोकरदार यांच्या सेवा त्यात धरलेल्याच नाहीत, त्यामुळे आजच्या पद्धतीशी ते ताडून बघता येत नाही. पण मला त्यांची पुढची चाल जास्त आवडते. त्यांनी तुरुंगातल्या कैद्यांना आणि परदेशी पाठवायच्या मजुरांना जगवायला किती खर्च येतो ते काढलं, ते प्रांतानुसार १६ ते ३५ रुपये भरलं, आणि मग सरकारला विचारलं की बाबांनो, गुन्हा न करता घरी बसलेल्या माणसाच्या वाट्याला तुमच्या कैद्याइतकंही येत नाही का? नंतर १९०१ च्या सुमाराला कर्झनसाहेब ३० रुपये म्हणायचे आणि डिग्बी नावाचा इंग्रजच म्हणायचा की छे, १७-१८ च्या वर नाही. म्हणजे सरकारी आकडा खरा की खोटा हे भांडण आजचं नाही, चांगलं सव्वाशे वर्षांचं जुनं आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ ला राष्ट्रीय उत्पन्न समिती बसली, महालनोबिस अध्यक्ष, आणि सदस्य दोनच, व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपले धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे, ज्यांना आपल्याकडे लोक प्रवरेच्या साखर कारखान्यामुळे जास्त ओळखतात. त्यांनी १९४८-४९ साठी काढलेला आकडा वर्षाला २५० रुपयांच्या आसपास होता. हो, वर्षाला. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता २० चे २५० झाले म्हणजे साडेबारा पट वाढ झाली का? अजिबात नाही, मधे भाव कुठल्या कुठे गेले होते. भाव सारखे करून दीर्घ मुदतीचा हिशोब अँगस मॅडिसन या आर्थिक इतिहासकाराने केला, १९९० च्या डॉलरमध्ये, क्रयशक्ती धरून, म्हणजे तेवढ्या पैशात प्रत्यक्ष किती वस्तू येतात ते बघून. त्यांच्या तक्त्यात भारत १८७० ला ५३३ वर आहे, १९१३ ला ६७३, आणि १९४७ ला ६१८. परत वाचा, १९१३ पेक्षा १९४७ चा आकडा कमी आहे. पहिलं महायुद्ध, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ जिच्यात आपल्याकडे कोटीच्या वर माणसं गेली, मग जागतिक मंदी, मग दुसरं महायुद्ध आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ, आणि यात १९२१ नंतर लोकसंख्या भराभर वाढायला लागली पण शेती काही तितकी वाढली नाही. एक माणूस १९१३ ला जन्मला आणि ३४ वर्षांनी स्वातंत्र्याचा झेंडा बघायला उभा राहिला तेव्हा सरासरी भारतीय त्याच्या जन्माच्या वेळेपेक्षा गरीब होता. ब्रिटिशांनी रेल्वे दिली वगैरे म्हणणाऱ्यांना मी फक्त हे दोन आकडे दाखवतो, पुढे वाद घालत नाही.

त्यानंतर १९५० ते १९८०. याला पुढे अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी चेष्टेने 'हिंदू ग्रोथ रेट' म्हटलं, वर्षाला साडेतीन टक्के. पण लोकसंख्याच सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढत होती, मग माणशी उरले किती? सव्वा टक्का. ७० ला वाढीच्या टक्क्याने भागलं की दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते साधारण कळतं, एफडीवाल्यांना ही युक्ती माहीत असते. ७० भागिले १.२५ म्हणजे ५६ वर्षं! आणि ही सरासरी झाली, एखादं साल असं यायचं की होतं तेही जायचं, १९६५-६६ चा दुष्काळ, आपला १९७२ चा, मग १९७९-८०, त्या वर्षी तर अख्ख्या देशाचं उत्पन्न पाच टक्क्यांनी आपटलं. ७२ मध्ये मी लहान होतो, आई दुष्काळी कामावरच्या सुकडीची गोष्ट अजून काढते, तेव्हा आमच्या तालुक्यात दरडोई उत्पन्न म्हणजे खडी फोडायला गेलेल्या बाईला हातात काय मिळालं ते. तरीसुद्धा आधीच्या पन्नास वर्षांशी तुलना केली तर हीसुद्धा वाढच होती, त्यामुळे नेहरूंच्या काळात काहीच झालं नाही हे मला पटत नाही.

मॅडिसनचा १९८० चा आकडा ९३८ आहे. म्हणजे १८७० पासून ११० वर्षांत पावणेदोन पट. आणि २००८ चा आकडा २९७५. अठ्ठावीस वर्षांत तिप्पट! सगळी गंमत इथे आहे.

लोक म्हणतात १९९१ ला हे झालं, नरसिंह राव, मनमोहन सिंग, गहाण टाकलेलं सोनं, सगळं खरं, पण वेग बदलला तो १९८० च्या आसपास. रॉड्रिक आणि अरविंद सुब्रमणियन या अर्थतज्ज्ञांनी २००४ ला हेच मांडलं की सरकारचा उद्योगांकडे बघायचा रोख ९१ च्या आधीच बदलला होता. आणखी एक अर्थतज्ज्ञ, पनगढिया, म्हणाले की नाही, ऐंशीच्या दशकातली वाढ उधारीवरची होती आणि त्यातली खरी उडी १९८८ नंतरची. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, उधारीवर होती म्हणूनच ९१ ला दिवाळखोरीच्या दारात गेलो ना. पण आमच्या घरी स्कूटर, टीव्ही आणि गॅस ९१ च्या आधीच आले होते.

अजून एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे भागाकारातला खालचा आकडा. लोकसंख्यावाढ आता वर्षाला एक टक्क्याच्याही खाली आलीय. म्हणजे देश सहा टक्के वाढला तर माणशी पाच टक्के पदरात पडतात, पूर्वी त्याच सहामधले पावणेचारच पडले असते. मुलं कमी झाली हा दरडोई उत्पन्नाच्या वाढीतला फुकटचा हिस्सा, त्याचं श्रेय खरं तर घरोघरच्या बायकांना जातं, पण घेतात सगळे पक्ष.

आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा? २०१९ ला याच सुब्रमणियन यांनी म्हटलं होतं की २०११-१२ नंतरची वाढ वर्षाला अडीच टक्क्यांनी फुगवून दिसतेय, सरकारने ते खोडून काढलं. माझं मत, अडीच टक्के जास्तच झाले, पण असंघटित क्षेत्राचा अंदाज त्या मालिकेत बराचसा संघटित क्षेत्रावरून बांधलेला होता, तिथे घोळ असणारच. तरी दिशा बदलत नाही. आणि फार छाती फुगवायचं कारणही नाही, १९९० ला डॉलरमध्ये चीनचं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा थोडं कमी होतं, आज ते आपल्या पाचपट आहे. तिथल्या-इथल्या किमतींतला फरक धरला तरी अडीचपट.

आता आजोबांकडे येऊ. १९६०-६१ ला दरडोई उत्पन्न वर्षाला तीनशे-साडेतीनशे रुपये होतं. आजोबांचे वर्षाचे ३,०००, भागिले सात तोंडं, माणशी ४२८. म्हणजे सात माणसं पोसूनही घर देशाच्या सरासरीच्या वर होतं. तुमचे वर्षाचे ५ लाख ४० हजार, भागिले चार, १ लाख ३५ हजार, आणि २०२४-२५ ची सरासरी २ लाख ५ हजार. तुम्ही सरासरीच्या खाली आहात. दचकू नका, देशातले बहुतेक लोक सरासरीच्या खालीच आहेत, कारण वरच्या थोड्यांचं उत्पन्न सरासरी ओढून वर नेतं, आणि त्या २ लाखांत कंपन्यांनी न वाटलेला नफासुद्धा असतो जो कुणाच्याच घरी येत नाही. शेतीत आजही निम्म्याच्या जवळपास कामकरी माणसं आहेत आणि उत्पन्नातला वाटा पाचव्या हिश्शाच्याही खाली. महाराष्ट्राची सरासरी देशाच्या वर आहे, पण ती मुंबई, ठाणे, पुण्याने वर नेलेली, नंदुरबार-गडचिरोलीत जाऊन सांगा ती.

म्हणजे खाणं, कपडे, औषध, शिक्षण या सगळ्यात तुम्ही आजोबांपेक्षा कितीतरी पुढे आहात, पण उत्पन्नाच्या रांगेतली तुमची जागा मागे सरकलीय. आणि जमीन ही वस्तू रांगेतल्या जागेप्रमाणे मिळते. जागा वाढत नाही, पुढच्याच्या खिशात किती आहे त्यावर भाव ठरतो. वर हेही बघा की महागाईच्या निर्देशांकात घरभाडं असतं, फ्लॅटची खरेदी किंमत नसते, त्यामुळे भाव दुप्पट झाला तरी 'स्थिर किमतीच्या' उत्पन्नाला त्याचा पत्ताच लागत नाही. जुन्या फ्लॅटची किंमत वाढली तर तीही राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, तो विकला तर दलालाची दलाली तेवढी धरतात.

आजोबांच्या जागेचा जुना कागद ट्रंकेत सापडला तर किंमत बघून ठेवा, त्यांच्या किती महिन्यांच्या पगाराइतकी होती ते काढा, आणि मग आपल्या टू बीएचकेला तुमचे किती महिने लागतात ते काढा. मी आमच्या घरचं काढलं होतं, वडिलांचे अठ्ठावीस महिने, मुलाचे एकशे साठ.