सॅम लेडलो सायकलवरच सगळी ताकद घालवतो आणि धावताना कोसळतो. थोडी राखून ठेवली तर तो जास्त शर्यती जिंकणार नाही का? आणि त्याची कारकीर्द उतरणीला लागली का?

माझं मत उलट आहे. राखून ठेवली तर तो जास्त हरेल. तुम्ही २०२४ ची कोनाची शर्यत, म्हणजे हवाईतली आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा, पाहून विचारताय आणि ती पाहणाऱ्या कुणालाही हाच प्रश्न पडला असता. पण या फ्रेंच खेळाडूची कारकीर्द त्या एका दिवसावरून तोलू नका. त्याच्या आधीच्या दोन मोठ्या शर्यतींचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की चित्र बदलतं.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी: आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, मग १८० किलोमीटर सायकल आणि उतरल्या उतरल्या ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. मध्ये विश्रांती नाही, घड्याळ थांबत नाही.

आधी हवाई बेटावरच्या कोनाची २०२२ ची शर्यत. लेडलो २३ वर्षांचा, त्याच्यावर फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे दोन नॉर्वेजियनांकडे, म्हणजे क्रिस्टियन ब्लुमेनफेल्ट आणि गुस्ताव ईडनकडे बघत होते. लेडलोने सायकलचा टप्पा ४ तास ४ मिनिटं ३६ सेकंदांत संपवून तिथला विक्रम मोडला आणि सहा मिनिटांहून जास्त आघाडी घेऊन धावायला लागला. काळ्या लाव्हाच्या पठारातून जाणारा तो महामार्ग, सावली नावाला नाही आणि मागून ईडन दर किलोमीटरला काही सेकंद खात येतोय. शेवटचे सहा-सात किलोमीटर उरले असताना त्याने लेडलोला गाठलं. दोघांनी धावता धावता हात मिळवला आणि ईडन पुढे गेला. ईडन ७:४०:२४, लेडलो ७:४२:२४. फरक बरोबर दोन मिनिटांचा. यान फ्रोडेनोचा २०१९ चा ७:५१:१३ हा जुना विक्रम त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या लेडलोनेही जवळजवळ नऊ मिनिटांनी मोडला होता!

त्या दिवशीची मॅरेथॉन बघा. ईडन २:३६:१५, लेडलो २:४४:४०. म्हणजे साडेआठ मिनिटांच्या आसपास धावण्यात गेली. आता विचार करा, लेडलो सायकलवर जरा सबुरीने गेला असता, ईडनच्याच घोळक्यात राहिला असता, तर धावण्यात किती सुधारणा झाली असती? दोन मिनिटं? फार तर तीन? आणि सहा मिनिटांची आघाडी मात्र गेली असती. सबुरीचा सौदा त्याला परवडत नाही तो इथे.

पुढच्या वर्षी पुरुषांची जागतिक स्पर्धा फ्रान्समध्येच, नीसला झाली. तिथे सायकलचा मार्ग समुद्रकिनाऱ्यावरून थेट डोंगरात चढतो. एकूण चढाई सुमारे २४०० मीटर आणि उतार असे वळणावळणाचे की ब्रेकवरचा हात जरा जास्त वेळ राहिला तरी मिनिटं निसटतात. लेडलोसाठी हे जवळपास घरचं अंगण होतं. जन्म इंग्लंडमधला, पण अगदी लहानपणीच कुटुंब फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी अमेली-ले-बां या गावी आलं. वडील स्वतः ट्रायथलीट, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा तिहेरी शर्यतीचे खेळाडू. त्यामुळे पोरगा घाटातच सायकल शिकला म्हणायला हरकत नाही. (तो 'खरा फ्रेंच' आहे का, असा वाद काही जण घालतात. जिथे वाढला त्या देशासाठी तो खेळतो. मला त्यात वाद दिसत नाही.)

नीसला तो ८:०६:२२ मध्ये जिंकला. आयर्नमॅनचं जगज्जेतेपद मिळवणारा पहिला फ्रेंच पुरुष, आणि २४ व्या वर्षी पुरुषांमधला सगळ्यात तरुण विजेता. आता तिथलीही मॅरेथॉन बघा. दुसरा आलेला जर्मनीचा पॅट्रिक लांगे त्याच्यापेक्षा सुमारे नऊ मिनिटांनी जलद धावला. तरी लेडलो जवळजवळ चार मिनिटांनी जिंकला.

म्हणजे दोन्ही वर्षी त्याने आपल्या मुख्य प्रतिस्पर्ध्याला धावण्यात साधारण तेवढीच मिनिटं दिली. एकदा तो हरला, एकदा जगज्जेता झाला. फरक एवढाच की नीसच्या घाटांनी त्याच्या गाठीला जास्त वेळ बांधून दिला. 'धावताना कोसळतो' असं म्हणताना ही गोष्ट सुटून जाते. २:४० च्या पुढेमागे मॅरेथॉन धावणं, तेही १८० किलोमीटर सायकल हाणून झाल्यावर, याला मी तरी कोसळणं म्हणणार नाही.

आता तो एकट्याने पुढे का पळतो ते. ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवायला परवानगी असते. त्यामुळे तिथे बरेचदा मोठा घोळका एकत्र येतो आणि निकाल धावण्यात लागतो. पॅरिसला २०२४ मध्ये सुवर्ण जिंकलेली फ्रान्सचीच कासांद्र बोग्रां शेवटच्या धावण्यातच निसटली होती. आयर्नमॅनमध्ये असं चिकटता येत नाही. या शर्यतींत व्यावसायिक खेळाडूंना पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागत होतं. पण गंमत अशी की १२ मीटरवरही वाऱ्याचा आडोसा थोडा मिळतोच. सगळ्यात पुढच्याला तो मिळत नाही, मागच्या सगळ्यांना मिळतो. म्हणजे लेडलो घोळक्याच्या तोंडाशी राहिला तर तो स्वतःच्या पायांनी ईडन आणि लांगेसारख्या धावपटूंना फुकट विश्रांती देतो. त्यापेक्षा अंतर तोडून एकटं निघून जाणं बरं. मग मागच्यांनाच ठरवावं लागतं: त्याच्या मागे जाऊन स्वतःचे पाय जाळायचे की त्याला सोडून द्यायचं?

२०२४ ची कोना मात्र वेगळी, आणि तिथे तुमचा मुद्दा मला मान्य आहे. सायकल ३:५७:२२. कोनात चार तासांच्या आत येणारा तो पहिलाच. सरासरी ताशी ४५ किलोमीटरच्या वर, उघड्यावर. पुढे मॅरेथॉनमध्ये लांगेने त्याला मागे टाकलं, मग बाकीच्यांनी, आणि लेडलो १८ वा आला. वेग वाढतो त्याच्या कितीतरी पट जास्त जोर हवा कापायला लागतो, म्हणून वेळेतून शेवटची चार-पाच मिनिटं कमी करण्याची किंमत आधी वाचवलेल्या कुठल्याही मिनिटांपेक्षा जबर असते. त्यात हवाईची दमट उष्णता. अंग तापलं की रक्त कातडीकडे धावतं, पोटाला कमी पडतं, पोट जेल (शर्यतीत खायचं साखरेचं घट्ट मिश्रण) स्वीकारेनासं होतं आणि ताशी ९०-१०० ग्रॅम साखर पोटात गेली नाही तर मॅरेथॉनचा दुसरा अर्धा भाग निघत नाही.

हे मला कागदावरून नाही, गोव्यावरून पटलं. मिरामारला अर्ध्या अंतराची शर्यत होते. ९० किलोमीटर सायकलवरून उतरून धावायला लागलं की पहिले दोन-तीन किलोमीटर पाय आपले वाटतच नाहीत आणि उन्हात हातातलं जेलचं पाकीट तोंडाजवळ नेलं तरी मळमळतं. आमचा वेग कुठे आणि त्यांचा कुठे, पण शरीराचे नियम तेच. म्हणून १८ व्या क्रमांकासाठी का होईना, शर्यत न सोडता त्याने ती पूर्ण केली याचं मला त्याच्या विक्रमापेक्षा जास्त कौतुक आहे. गतविजेता म्हणून आलेल्या माणसाला तेव्हा बाहेर पडणं फार सोपं असतं.

शैली चुकीची नव्हती, त्या दिवशी मात्रा चुकली, असं मी म्हणेन. २०२५ च्या जुलैमध्ये जर्मनीतल्या रोथला त्याने हेच अंतर साडेसात तासांच्या आत संपवून शर्यत जिंकली. रोथ कोनापेक्षा थंड आणि वेगवान, हे खरंच. पण जोरदार सायकलनंतर टिकून धावता येतं हे तिथे दिसलं.

'त्याची कारकीर्द उतरणीला लागली का' असंही तुम्ही विचारलंय. या खेळात बरेचदा तिशी ओलांडलेले लोक राज्य करतात. फ्रोडेनो २०१९ मध्ये कोना जिंकला तेव्हा ३८ वर्षांचा होता. लांगेही २०२४ मध्ये ३८ चाच. लेडलोचा जन्म १९९८ चा. पुढची शर्यत बघताना तो सायकलवर किती पुढे आहे याने हुरळून जाऊ नका. तो बूट बदलून निघेल तेव्हा मागचा चांगला धावपटू किती मिनिटांवर आहे ते बघा. दहा असतील तर त्याला पकडणं अवघड आहे. सहा असतील तर शेवटच्या सात किलोमीटरपर्यंत जागेवरून उठू नका.