लिमिट संपलं तरी कार्ड चाललं कसं?

"लिमिट भरलं की क्रेडिट कार्ड आपोआप थांबतं ना, मग ओव्हरलिमिट चार्ज (लिमिट ओलांडल्याचं शुल्क) आला कुठून?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. बहुतेक वेळा व्यवहार नाकारलाच जातो, आणि तेच बरं. काउंटरवर जरा ओशाळायला होतं, पण डिक्लाइन झालेल्या व्यवहाराची नोंद क्रेडिट ब्युरोकडे (कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे) जात नाही. डोकेदुखी सुरू होते ती बँकेने तो व्यवहार जाऊ दिला की.

पहिल्यांदा ॲपमध्ये ओव्हरलिमिटची सोय चालू आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांनुसार ग्राहकाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय मर्यादा ओलांडू देता येत नाही. अमेरिकेतही २००९च्या कार्ड कायद्याने असं शुल्क लावण्याआधी संमती सक्तीची केली. गंमत अशी की कार्ड घेताना घाईघाईत केलेल्या टिकांमध्ये आपण ही संमती कधी दिली, हे कोणाच्याच लक्षात नसतं.

लिमिट खाणाऱ्या गोष्टीही बऱ्याचदा दिसत नाहीत. हॉटेल चेक-इनला डिपॉझिट म्हणून रक्कम ब्लॉक करतं. ईएमआयवर घेतलेल्या वस्तूची उरलेली मुद्दल लिमिटमधून वजा असते. परकीय चलनातला खर्च सेटल होताना थोडा वाढून येतो. रिफंड तर सावकाशच जमा होतो. म्हणून एकूण लिमिट विसरा, 'अव्हेलेबल लिमिट' बघा.

चार्ज तर बसतोच, पण अनेक बँका जास्तीची पूर्ण रक्कम 'मिनिमम ड्यू'मध्ये, म्हणजे बिलाच्या किमान भरायच्या रकमेत, धरतात. नेहमीच्या अंदाजाने किमान रक्कम भरणारे इथेच फसतात: भरणा कमी पडतो आणि वर लेट फी लागते. (नुसतं मिनिमम भरत राहण्याबद्दल माझं मत चांगलं नाही, पण तो वेगळा विषय.)

क्रेडिट स्कोअरचं म्हणाल तर वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत असावा असं साधारण सांगतात. तुमचा १००च्या वर दिसेल. स्कोअर घसरू शकतो, पण बाकी उतरली की सहसा सावरतो. हप्ता चुकल्याचा डाग मात्र बराच काळ राहतो.

आता ड्यू डेटची वाट न बघता जास्तीची रक्कम आजच भरा. त्या कार्डावरचे ऑटो-पे तपासा, नाहीतर एखादा विम्याचा हप्ता गुपचूप परत जायचा. मग बँकेला लेखी विचारा की ओव्हरलिमिटची संमती कधी आणि कशी घेतली होती. दाखवता आली नाही, तर चार्ज परत मागा.